कासव दिसले, पण कोणते?

लक्षद्वीपच्या पाण्यात कासव दिसले, एवढ्या नोंदीवर पुष्कळदा समाधान मानले जाते. ते कासव कोणते, हा प्रश्न मात्र केवळ प्राणिशास्त्रज्ञांच्या काटेकोरपणाचा नाही. संरक्षणाची दिशा त्याच्या उत्तरावर ठरते.

या बेटांभोवती हिरवे कासव आणि हॉक्सबिल ही दोन्ही आढळतात. दोहोंच्या कवचावर मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना चार-चार मोठे खवले असतात. त्यामुळे घाईने पाहणारा फसतो. हिरव्या कासवाच्या डोळ्यांमध्ये कपाळावर खवल्यांची एकच जोडी असते, हॉक्सबिलच्या दोन. हॉक्सबिलचे तोंड ससाण्याच्या चोचीसारखे निमुळते असते आणि पाठीवरचे खवले कौलांप्रमाणे एकावर एक चढलेले असतात. वय वाढल्यावर ही कौलारू ठेवण पुसट होते. म्हणून एकाच खुणेवर विसंबून निर्णय देणे इष्ट नव्हे.

रूपातील हा भेद आहाराशी निगडित आहे. हिरवे कासव खारकच्छातील सागरी गवतावर चरते. अगत्ती बेटापाशी या कासवांची संख्या वाढली तेव्हा ती कुरणे उजाड झाली आणि मासळी घटल्याची तक्रार कोळी करू लागले. हॉक्सबिलची चोच प्रवाळखडकांच्या कपारींतील स्पंज ओढून काढण्याच्या कामाची. प्रवाळाची जागा बळकावणारे स्पंज खाऊन ते प्रवाळाच्या वाढीस वाव देते. मात्र १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापला आणि लक्षद्वीपच्या प्रवाळाची मोठी हानी झाली. म्हणजे एका कासवाचे भवितव्य गवतावर, तर दुसऱ्याचे खडकावर अवलंबून आहे.

त्यातच हॉक्सबिलच्या सुंदर खवल्यांपासून फण्या व डब्या बनविण्याचा व्यापार शतकानुशतके चालला. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय करारान्वये त्यावर बंदी आली, तरी जपानची आयात १९९२ च्या अखेरपर्यंत सुरूच होती.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने दोहोंना सारखेच संरक्षण दिले आहे. त्यांची स्थिती मात्र सारखी नाही. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने हिरव्या कासवाला जागतिक पातळीवर संकटग्रस्त सूचीतून वगळले. हॉक्सबिल अद्याप अतिसंकटग्रस्तच आहे. अशा वेळी एकाची नोंद दुसऱ्याच्या नावे पडली, तर हिरव्या कासवाच्या सुस्थितीचे समाधान हॉक्सबिलच्या ऱ्हासावर पांघरूण घालील. वनरक्षक, पाणबुडे आणि कोळी यांना कपाळावरचे खवले मोजावयास शिकविणे हा त्यावरचा अल्पखर्ची उपाय आहे. तो तरी टाळला जाऊ नये.