घटस्फोटाच्या तडजोडीत नंतर बदल करता येतो का?

परस्पर संमतीने घटस्फोट झाला, संमतीच्या अटींवर दोघांनी सह्या केल्या, कौटुंबिक न्यायालयाचा हुकूमनामाही हाती आला. दोन-चार वर्षांनी नोकरी जाते, आजारपण येते किंवा मुलांची फी दुप्पट होते आणि तो कागद पुन्हा कपाटातून निघतो. हे आता बदलून मिळेल का? उत्तर कलमागणिक वेगळे आहे. इथे हिंदू विवाह कायद्याप्रमाणे सांगतो. विशेष विवाह कायद्यातल्या तरतुदी बऱ्याच अंशी अशाच आहेत.

सर्वांत पक्के कलम मालमत्तेचे आणि एकरकमी रकमेचे. फ्लॅट कोणाकडे आणि किती लाख द्यायचे, हे एकदा ठरले की पुढे फ्लॅटचा भाव वाढला किंवा त्या वेळी कमी मागितले असे वाटले, म्हणून न्यायालय ते उघडत नाही. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपीलही होत नाही. कौटुंबिक न्यायालय कायदा 1984 च्या कलम 19 मध्येच तशी मनाई आहे.

मात्र संमती फसवून किंवा धाकदपटशाने घेतली असेल, तर ती खरी संमतीच नव्हे. अशा वेळी नवा दावा लावायचा नसतो. ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला तिथेच अर्ज करायचा, आणि फसवणूक कळल्यावर वेळ दवडायचा नाही. नुसता संशय पुरत नाही, पुरावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये पोटगीच्या प्रकरणांत उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देण्याची पद्धत घालून दिली. माझा आग्रह असा की तडजोड करतानाही दोघांची अशी प्रतिज्ञापत्रे जोडून घ्यावीत. उद्या दुसऱ्या शहरातला दडवलेला फ्लॅट उघडकीस आला, तर खोटेपणा दाखवायला शपथेवरचा कागद हाताशी असतो.

दरमहाच्या पोटगीचे तसे नाही. कलम 25(2) प्रमाणे परिस्थिती बदलली, तर रक्कम वाढवून, कमी करून किंवा पोटगी रद्द करूनही मागता येते. पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्रे, औषधोपचाराची बिले हा इथला पुरावा. घेणाऱ्याने पुनर्विवाह केला, तर कलम 25(3) खाली अर्ज करता येतो. पण अर्ज करावा लागतो. आपल्या मनाने पैसे थांबवले, तर जुना हुकूम लागूच राहतो आणि थकबाकी साचत जाते. ही चूक फार महागात पडते. वारंवार न्यायालयात जाणे टाळायचे असेल, तर वाढ अटींतच लिहून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये एका प्रकरणात दरमहा 50,000 रुपये पोटगी ठरवताना दर दोन वर्षांनी 5 टक्के वाढ जोडून दिली होती.

'यापुढे पोटगी कधीही मागणार नाही' असे पत्नीने लिहून दिले असेल तर? तेवढ्यावरून आशा सोडू नये. असे कलम सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेले आहे. तरी मोबदल्यात काही घेतले होते का, याला इथे फार महत्त्व येते. म्हणून मूळ अटी वकिलाला शब्दन् शब्द वाचायला द्याव्यात.

मुलांबाबतची कलमे तर कधीच कायमची बंद होत नाहीत. ताबा, भेटीचे दिवस, शिक्षणाचा खर्च यांबाबतचा हुकूम कलम 26 खाली वेळोवेळी बदलता येतो. कसोटी एकच, मुलाचे हित. गाव बदलले, शाळा बदलली, मूल मोठे होऊन स्वतःची इच्छा सांगू लागले, ही सगळी सबळ कारणे आहेत. मुलाचा हक्क आई किंवा बाप परस्पर सोडून देऊ शकत नाही, त्यामुळे 'मुलासाठी काही मागणार नाही' या ओळीने मूल बांधले जात नाही.

समोरचा ठरलेले देतच नसेल, तर बदलाचा अर्ज नको. तिथे अंमलबजावणीची दरखास्त दाखल करायची; त्यातून पगार किंवा मालमत्तेवर जप्ती आणता येते.