होडीतल्या बाईची साक्ष

पापडाचं पीठ कुटून झालं की पहिली लाटी तोडून कुणाच्या तरी हातावर ठेवतात. मीठ कमी आहे का, पापडखार जास्त झालाय का, हे त्या एका लाटीवर ठरतं. दोनशे पापड लाटून वाळवल्यावर कळून काय उपयोग? लाटी चाखणाऱ्या बाईचं नाव कुणी डब्यावर लिहीत नाही. पण तिची जीभ चांगली असावी लागते, आणि नुसतं ‘छान झालंय’ म्हणून तिला चालत नाही. ‘मीठ बरोबर, खार चिमूटभर जास्त,’ असं नेमकं सांगावं लागतं.

गेली दोन-अडीच वर्षं मी असंच एक चाखायचं काम करते आहे. पापडाचं नाही, कॉम्प्युटरवरच्या खेळाचं! तुम्ही म्हणाल, हे काय या वयात? पण ऐका तर खरं.

रशियात अकेला नावाची एक कंपनी होती. (नाव ऐकून मलाही आधी हिंदी सिनेमाच आठवला.) तिनं २००० साली ‘सी डॉग्ज’ नावाचा समुद्रावरचा खेळ काढला आणि २००३ साली त्याच्या पुढचा, ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’. त्याच नावाचा सिनेमा त्या वर्षी येणार होता, म्हणून खेळालाही ते नाव मिळालं. खेळात तुम्ही एका गलबताचे कप्तान. शिडं सोडायची, वारा बघायचा, तोफा भरायच्या, बंदरात उतरून माल विकायचा, माणसांशी बोलायचं. वारा जिकडून येतो तिकडे थेट जाता येत नाही, नागमोडी जावं लागतं. हे शिकण्यातच माझा पहिला आठवडा गेला. भाच्यानं खेळ कॉम्प्युटरवर घालून दिला आणि तो नोकरीच्या गावी निघून गेला, त्यामुळे विचारायलाही कुणी नव्हतं.

पुढची गोष्ट जास्त मजेची आहे. कंपनीनं खेळ विकला आणि ती पुढच्या कामाला लागली. पण जगभरातल्या हौशी मंडळींनी तो खेळ सोडला नाही. त्याच्या आतल्या बऱ्याचशा सूचना साध्या मजकुरासारख्या उघडून वाचता येतात, बदलता येतात. मग कुणी नवी जहाजं रेखाटली, कुणी पोशाख. मूळ खेळातली बेटं बरीचशी काल्पनिक होती, तिथे या मंडळींनी जमैका, क्युबा अशी खरी बेटं आणली. ‘न्यू होरायझन्स’ या नावानं ही भर वर्षानुवर्षं वाढत गेली. आणि काहींनी चक्क नवी कथानकं लिहिली. कादंबरी लिहावी तशी, फक्त वाचणाऱ्यानं ती स्वतः चालून, बोलून, लढून पुढे न्यायची. या सगळ्याचे पैसे कुणाला मिळत नाहीत. रात्री मुलं झोपल्यावर, सुट्टीच्या दिवशी, हौस म्हणून केलेलं काम.

अशा कथानकाला पहिला खेळणारा लागतो. लेखकाला आपली वाट पाठ असते. तो बरोबर दारातून आत जातो, बरोबर माणसाशी बोलतो. पण खेळणारा काय वाटेल ते करतो. म्हणून चाचणी करणाऱ्यानं मुद्दाम आडवाटेनं जायचं. गव्हर्नरकडे आधी जा म्हटलं की आपण आधी खानावळीत शिरायचं. दिवसा बोलावलं की रात्री जायचं. महत्त्वाचं पत्र मिळालं की ते घेऊन भलत्याच बेटावर जायचं. मग एकेक गमती दिसतात. खानावळवाला आपल्याला न मिळालेल्या पत्राबद्दल बोलतो, एकच सावकार एकाच वेळी दोन घरांत असतो, कुठे दारच उघडत नाही. कथानक म्हणजे आतून ‘अमुक झालं की तमुक घडू दे’ अशा शेकडो गाठींची माळ असते. एक गाठ सुटली की पुढचे मणी घरंगळतात.

सापडलं की लिहून कळवायचं. माझी त्यासाठी एक दोनशे पानी वही आहे. कुठल्या बंदरात होते, खेळातली तारीख काय, त्याआधी कुणाशी बोलले, काय घडायला हवं होतं आणि काय घडलं. ‘खेळ अडकतो’ एवढं कळवलं तर लेखकाला काहीच उमगत नाही. आणि रागानं लिहूनही चालत नाही. समोरच्यानं सहा महिने जागून केलेलं असतं.

मागच्या वर्षी माझ्याकडे एक कथानक तपासायला आलं. लेखक युरोपातला, नोकरी सांभाळून लिहिणारा. विषय खराखुरा, १७२० सालच्या जमैकाचा. नायिका अ‍ॅन बॉनी.

अ‍ॅन बॉनी आणि मेरी रीड या दोघी चाचेगिरीच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. १७२० च्या ऑगस्टमध्ये जॉन रॅकहॅम नावाच्या चाच्यानं बहामातल्या नॅसॉ बंदरातून ‘विल्यम’ नावाचं एका डोलकाठीचं गलबत पळवलं, त्यात या दोघी होत्या. नॅसॉच्या गव्हर्नरनं सप्टेंबरात जाहीरनामा काढला, त्यात दोघींची नावं होती. ऑक्टोबरात जमैकाच्या पश्चिम टोकाला नेग्रिलजवळ गलबत पकडलं गेलं. जेमतेम दोन महिन्यांची चाचेगिरी! रॅकहॅमला नोव्हेंबरात फाशी झाली आणि त्याच महिन्यात या दोघींवर खटला चालला. दोघींनाही फाशीची शिक्षा झाली. तेव्हा त्यांनी आपण गरोदर असल्याचं सांगितलं आणि शिक्षा थांबवली गेली. मेरी १७२१ साली तुरुंगातच गेली. अ‍ॅनला फाशी दिल्याची नोंद नाही.

कथानक छान रचलं होतं. नॅसॉची रात्र, गलबत पळवण्याचा बेत, सगळं श्वास रोखून खेळले. मधे एक लहानसा प्रसंग येतो. जमैकाच्या उत्तर किनाऱ्याला एक होडी दिसते. होडीत एकटी बाई, सोबत खाण्यापिण्याचा माल. गलबत होडीला भिडवायचं, माल घ्यायचा, पुढे जायचं. बाई एक वाक्य बोलते. तिला नावही नव्हतं.

माल घेतला, आणि सवयीप्रमाणे आडवाटेला लागले. गलबत वळवलं आणि मागे गेले. समुद्र मोकळा. ना होडी, ना बाई. जुन्या ठिकाणाहून पुन्हा खेळले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा माल न घेताच थांबून राहिले, तर होडी तरंगत राहिली आणि बाई तेच एक वाक्य बोलत राहिली. वहीत तिन्ही खेपा लिहून मेल केला.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. लेखक म्हणाला, ही चूक नाही. माल घेतला की तिचं काम संपतं, म्हणून तिला काढून टाकतो. नाहीतर कॉम्प्युटरवर उगाच भार पडतो.

त्याचं म्हणणं तांत्रिक होतं, मला कळत होतं. पण ‘काम संपलं की काढून टाकतो’ हे वाक्य काही मनातून जाईना. खरंच अशी कुणी बाई होती का, हे शोधायला मी बसले.

होती. तिचं नाव डोरोथी थॉमस.

लेखकानं सगळा भर ठेवला होता तो कॅप्टन चार्ल्स जॉन्सन या नावानं १७२४ साली लंडनमध्ये निघालेल्या पुस्तकावर. त्यात अ‍ॅन आणि मेरीच्या बालपणापासूनच्या चटकदार हकीकती आहेत. पण त्याआधी, १७२१ सालीच, जमैकात या खटल्याचा वृत्तान्त छापला गेला होता. त्यात साक्षीदारांचं म्हणणं आहे. दोन फ्रेंच माणसं, दोन जहाजांचे कप्तान, आणि ही डोरोथी. तिनं न्यायालयात सांगितलं की मी होडीतून माल नेत होते, रॅकहॅमच्या गलबतानं मला पकडलं आणि बहुतेक माल काढून घेतला. या दोघी तेव्हा गलबतावर होत्या. अंगात पुरुषी जाकिटं, लांब विजारी, डोक्याला रुमाल बांधलेले. दोघींच्या हातात कोयता आणि पिस्तूल. मला मारून टाका, नाहीतर ही उद्या आपल्याविरुद्ध उभी राहील, असं त्या शिव्या देत पुरुषांना सांगत होत्या. आणि त्या बायकाच आहेत हे मी अंगाच्या ठेवणीवरून ओळखलं.

माझ्या अंगावर काटा आला. एकटी बाई, समोर हत्यारबंद टोळी, आपल्याला मारायचं की सोडायचं याची चर्चा आपल्यासमोरच चाललेली. अशा वेळी तिनं जाकीट, विजार, रुमाल, कोयता, पिस्तूल, कोण काय बोललं, सगळं नजरेत धरून ठेवलं. आणि पुढे तेव्हाच्या राजधानीत, आजच्या स्पॅनिश टाऊनमध्ये, न्यायालयापुढे ते ओळीनं सांगितलं. या दोघींचं ‘वर्णन’ म्हणून आज जगभर जे सांगितलं जातं, चित्रांत जे काढलं जातं, त्यातला विश्वासाचा भाग या माल नेणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. नाव अ‍ॅनचं झालं, मेरीचं झालं. डोरोथी होडीतच राहिली.

हे सगळं मी लेखकाला कळवलं. त्याला पटलं, पण तो अडला. तिला न्यायालयापर्यंत न्यायचं तर नवे संवाद, नवा प्रवेश आला. आणि खेळणाऱ्यांना लढाई हवी असते, मागे वळून होडी कोण बघणार? चाचणी करणारा दुसरा एक तरुण मुलगाही तेच म्हणाला, कुणीही परत जाणार नाही. मी एवढंच लिहिलं, खेळणारे न जावोत, न्यायालय गेलं होतं.

तीन आठवड्यांनी नवी आवृत्ती आली. डोरोथीला नाव मिळालं होतं. न्यायालयाचा प्रवेश आला, आणि पहिल्या खेपेला ती साक्षीला आली ती कमरेपर्यंत जमिनीत रुतलेली! होडीत बसलेली मूर्ती तशीच उचलून आणली होती ना. मी हसत हसत कळवलं. ते सुधारलं, तर दुसरंच निघालं. होडीजवळ न जाताच पुढे गेलं तरी ती न्यायालयात येऊन ‘हीच ती बाई’ म्हणून बोट दाखवायची. न पाहिलेल्याची साक्ष! तेही कळवलं.

खरा वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर. ‘मारून टाका’ असं अ‍ॅननं म्हणायचं की नाही, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं, इथवर सगळे एक होते. पण खेळणाऱ्यानं ते म्हटलं तर डोरोथी मरावी का? तरुण मुलगा म्हणाला, मरावी, नाहीतर आमच्या निवडीला अर्थ काय? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. या खेळांची गंमतच ती आहे. मी मात्र अडून बसले. ती जगली होती. तिचं जगणं आपल्या मर्जीवर कशाला ठेवायचं?

लेखकानं मग सुंदर मार्ग काढला. तुम्ही काहीही म्हणा, गलबतावरचे पुरुष तिला मारत नाहीत. पण तुम्ही जे म्हटलंत ते ती ऐकते. ‘मारा’ म्हटलंत तर न्यायालयात ती तेच सांगते. गप्प बसलात तर तुमचे कपडे आणि हत्यारं तेवढी सांगते. निकाल बदलत नाही, कारण बाकीचे साक्षीदार आहेतच. पण तिचे शब्द बदलतात. मी तिन्ही प्रकारे खेळून पाहिलं. ‘मारा’ म्हणून मग न्यायालयात उभं राहिले आणि माझेच शब्द तिच्या तोंडून ऐकले, तेव्हा माउसवरचा हात थांबला.

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण वेगळं आहे. अशा खेळांत बायकांचं काय काम, असं आपल्यालाच वाटतं. आपण शूर नाही, तांत्रिक नाही, इंग्रजीही बेताचं. पण नीट बघणं, क्रम लक्षात ठेवणं, कुठे काय बिनसलं ते समोरच्याला न दुखावता नेमकं सांगणं, हे आपण रोज करतो. दुधाच्या हिशेबात करतो, मुलाच्या तापाचं डॉक्टरांना सांगताना करतो. ‘काल रात्री नऊला चढला, औषधानं उतरला, पहाटे पुन्हा चढला,’ असं सांगणाऱ्या आईवर डॉक्टरांचं निम्मं काम होतं. ते कौशल्य आहे. त्याला आपण कधी नाव देत नाही, एवढंच.

तेव्हा कुणी आपलं केलेलं काही दाखवायला आणलं, मुलीनं लिहिलेली गोष्ट असो, सुनेनं शिवलेला ब्लाउज असो, की शेजारच्या मुलानं केलेला कॉम्प्युटरचा प्रोग्राम असो, तर ‘छान आहे हं’ म्हणून मोकळ्या होऊ नका. थोडा वेळ बसा, वापरून बघा, उलटं घालून बघा. कुठे काय दिसलं ते ओळीनं सांगा. ऐकणाऱ्याचा चेहरा क्षणभर पडेल. पण पापड लाटायचे अजून बाकी असतात, तोवरच त्या सांगण्याचा उपयोग असतो.