अमेरिकेतील मालक आणि परदेशी पदवीधर

इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर किंवा बेळगाव येथील अनेक मराठी घरांत हल्ली एक वाक्य वारंवार ऐकू येते : "नोकरी मिळाली आहे, पण कंपनी स्पॉन्सर करील की नाही, हे अजून नक्की नाही." अमेरिकेत शिकावयास गेलेल्या मुलाने वा मुलीने दूरध्वनीवर उच्चारलेले हे वाक्य वडीलधाऱ्यांना बुचकळ्यात टाकते. नोकरी मिळाली म्हणजे मिळाली. त्यानंतर पुन्हा 'पण' कसला, असे त्यांस वाटते. हा 'पण' समजावयाचा तर या प्रश्नाकडे विद्यार्थ्याच्या नव्हे, मालकाच्या बाजूने पाहिले पाहिजे. कारण परदेशी माणसास कामावर ठेवण्याविषयी अमेरिकेत जे नियम आहेत, त्यांतील बरेचसे मालकाला उद्देशून लिहिलेले आहेत.

पूर्वी तसे नव्हते. १९५२ च्या कायद्याने चोरून आलेल्या परकीयास आश्रय देणे हा गुन्हा ठरविला. मात्र त्यास नोकरी देणे म्हणजे आश्रय देणे नव्हे, अशी पुस्तीही जोडली. टेक्सस प्रांतातील शेतमालकांची सोय पाहणारी म्हणून ती 'टेक्सस प्रोव्हायजो' या नावाने ओळखली जाऊ लागली. कामगार अपराधी आणि त्याच्याकडून काम करून घेणारा निर्दोष, असा हा अजब न्याय चौतीस वर्षे चालला. १९८६ च्या कायद्याने तो संपविला आणि पडताळणीचे ओझे मालकाच्या शिरावर ठेवले.

तेव्हापासून प्रत्येक नव्या नोकरासाठी 'आय-९' नावाचा नमुना भरावा लागतो. पिढ्यान् पिढ्या अमेरिकेत नांदलेल्या नागरिकाचीही त्यातून सुटका नाही. नोकराने आपला भाग कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत पुरा करावयाचा आणि मालकाने कामाच्या तीन दिवसांत कागदपत्रे पाहून सही करावयाची. यातील मार्मिक भाग पुढेच आहे. मान्य कागदांच्या यादीतून कोणते दाखवावयाचे, हे नोकराने ठरवावयाचे असते. परकी चेहरा पाहून "ग्रीन कार्डच आणा" असा हट्ट धरणारा मालक स्वतःच कायदा मोडतो. मुलाखतीत "तुम्हांस या देशात काम करण्याचा अधिकार आहे काय, आणि आज वा पुढे स्पॉन्सर करावे लागेल काय" एवढे विचारता येते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आल्यास विद्यार्थ्याला नकार देण्याची मुभाही मालकाला आहे. परंतु तो अमुक देशाचा म्हणून नको, असे म्हणण्याची नाही.

आता ओहायोतील एखादा लहानसा कारखानदार डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या पदरी वीस माणसे आहेत आणि जवळच्या विद्यापीठातून एम. एस. झालेली भारतीय अभियंता त्याला पसंत पडली आहे. पहिल्या वर्षी त्याला फारसे काहीच करावे लागत नाही. शिक्षणानंतर आपल्या विषयाशी निगडित असे काम १२ महिने करण्याची परवानगी विद्यार्थिनी स्वतःच, विद्यापीठाच्या शिफारसीने, मिळवते. 'ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग' किंवा नित्याच्या बोलण्यातील 'ओपीटी' ती हीच. विज्ञान, अभियांत्रिकी, गणित अशा विषयांच्या पदवीधरांस आणखी २४ महिने मिळू शकतात. पण येथे मालकाचा हात गुंतू लागतो. त्याला 'ई-व्हेरिफाय' या सरकारी पडताळणी-योजनेत नाव नोंदवावे लागते, शिकविण्याचा आराखडा लेखी द्यावा लागतो आणि मुलीने नोकरी सोडली वा तिला काढले, तर पाच दिवसांत विद्यापीठास कळवावे लागते. वीस माणसांच्या कारखान्यात हे सारे बहुधा हिशेबनीसच पाहतो. पुष्कळसे लहान मालक येथेच कचरतात, ते दुष्टपणाने नव्हे तर कागदांच्या धास्तीने.

तीन वर्षे संपण्यापूर्वी खरा प्रश्न उभा राहतो, तो 'एच-१बी' परवान्याचा. १९९० च्या कायद्याने आजच्या स्वरूपात आणलेला हा परवाना नोकर मागू शकत नाही. मालकानेच मागावयाचा असतो. 'स्पॉन्सर करणे' ते हेच. वर्षाकाठी असे ६५,००० परवाने, शिवाय अमेरिकन विद्यापीठांच्या उच्च पदवीधरांसाठी २०,००० एवढीच मर्यादा आहे. विद्यापीठे व त्यांच्याशी संलग्न संशोधनसंस्था तीतून वगळल्या आहेत. मागणी मर्यादेच्या कितीतरी पुढे जाते, म्हणून वर्षानुवर्षे सोडत काढली गेली. अधिक वेतनश्रेणीच्या अर्जास सोडतीत अधिक संधी देणारा नियम २०२५ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला निघालेल्या राष्ट्राध्यक्षीय घोषणेने नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार बसविला, आणि ऑक्टोबरातील खुलाशाने देशातच राहून विद्यार्थ्याचा दर्जा बदलून घेणाऱ्यांस त्यातून वगळले. परिणाम असा की, पुण्यात बसलेल्या अनुभवी अभियंत्यापेक्षा ओहायोतील विद्यार्थिनी त्या कारखानदाराच्या हिशेबात एकाएकी स्वस्त ठरली. धोरणाचे वारे कोणत्या दिशेने वाहील, हे मालकालाही ठाऊक नसते.

मात्र अर्ज करणारा मालक काही वचनांनी बांधला जातो, आणि ती वचने मराठी घरांत फारशी माहीत नसतात. प्रथम त्याला मजूर खात्याकडे जाहीर निवेदन करावे लागते. त्या कामासाठी स्वतःच्या इतर नोकरांस तो जे वेतन देतो ते, आणि त्या भागात प्रचलित असलेले वेतन, यांपैकी जे जास्त ते परदेशी नोकरास देण्याचे त्यात वचन असते. या निवेदनाची प्रत नोकराला कामावर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत मिळालीच पाहिजे. शिवाय त्यासंबंधीची एक फाइल कोणीही मागितल्यास पाहता येईल अशी ठेवावी लागते. मुलाला ही प्रत मिळाली का, हा प्रश्न 'जेवलास का' या प्रश्नाइतकाच अगत्याने घरून विचारला जावयास हवा.

दुसरी गोष्ट रिकाम्या दिवसांची. काही मध्यस्थ कंपन्या माणसे घेतात, ती इतर कंपन्यांना पुरवितात आणि काम नसेल तेव्हा 'बेंच'वर बसवून पगार थांबवितात. हे सरळसरळ बेकायदेशीर आहे. काम नाही ही अडचण मालकाची असेल, तर ठरलेले वेतन चालूच राहिले पाहिजे. नोकर स्वतःच्या कारणाने रजेवर गेला, तर गोष्ट वेगळी. वेतन सुरू होण्यासही मुदत आहे : बाहेरून आलेल्यास प्रवेशापासून ३० दिवसांच्या आत आणि देशातच दर्जा बदललेल्यास त्या तारखेपासून ६० दिवसांच्या आत.

तिसरी गोष्ट पैशाची. अर्जासोबत प्रशिक्षणनिधीसाठी म्हणून जी फी मालक भरतो (पंचवीसपर्यंत नोकर असल्यास ७५० डॉलर, त्याहून अधिक असल्यास १,५००), ती कोणत्याही वाटेने नोकराकडून वसूल करता येत नाही. अर्जाचा इतर खर्च व वकिलाचा मेहनताना हाही मालकाच्या धंद्याचाच खर्च होय; तो कापून घेतल्याने पगार ठरल्या किमान वेतनाखाली येता कामा नये. "तुमच्या मुलाचे काम करून देतो, एवढे भरा" अशी मागणी कोणी केल्यास, ती अमेरिकन कायद्यातली नव्हे, मागणाऱ्याच्या पदरची समजावी. नोकरी लवकर सोडल्यास दंड भरण्याची अटही तशीच. खरे झालेले व आधी वाजवीपणे ठरविलेले नुकसान मालक मागू शकेल, परंतु शिक्षा म्हणून दंड नाही. बॉण्डच्या भीतीने अनेक तरुण नको त्या जागी वर्षानुवर्षे खितपत पडतात. वस्तुतः २००० च्या कायद्याने, नव्या मालकाने अर्ज दाखल करताच, परवान्यावरील नोकरास त्याच्याकडे जाण्याची वाट मोकळी केली आहे. वचनभंग झाल्यास मजूर खात्याच्या वेतनविभागाकडे बारा महिन्यांच्या आत तक्रार नोंदविता येते.

अखेरची बाब नोकरी सुटण्याची. परवाना मालकाशी जखडलेला असल्यामुळे नोकरी गेली की देशात राहण्याचा आधारच डळमळतो. २०१७ पासून अशा माणसास जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात दुसरा मालक गाठावयाचा, दुसरा दर्जा मागावयाचा, नाहीतर घरचा रस्ता धरावयाचा. परवान्याची मुदत उरली असताना मालकानेच काढून टाकले असेल, तर स्वदेशी परत जाण्याचे वाजवी भाडे देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. नोकराने आपण होऊन राजीनामा दिला असल्यास ते मिळत नाही. आणि काढून टाकलेल्यासही ते एकट्यापुरतेच. सोबतच्या पत्नीचे वा पतीचे आणि मुलांचे तिकीट त्याला स्वतःच काढावे लागते.