बंद दारांची इमारत आणि आगीची घंटा

आमच्या गावाकडे गवताच्या गंजीला आग लागली तर कोणी घंटा शोधत बसत नाही. ज्याने पहिल्यांदा पाहिले तो बोंब ठोकतो आणि माणसे घागरी घेऊन धावतात. चाळीतही तसेच. सामाईक गॅलरी, उघडी दारे. एका बिऱ्हाडात दूध करपले तर चौथ्या बिऱ्हाडाला कळते. फ्लॅटच्या इमारतीत मात्र दार लावून घेणे हेच मोठे सुख मानले जाते. त्यामुळे बाराव्या मजल्यावरची बोंब चौदाव्या मजल्यावर पोहोचत नाही. पोहोचतो तो धूर, आणि तोही ज्या जिन्याने उतरायचे त्याच जिन्याने. म्हणून ही बोंब यंत्राने मारावी अशी योजना कायद्याने केली आहे. तिलाच आपण ‘फायर अलार्म’ म्हणतो. खासगी मालकीच्या इमारतींना ती कशी लागू होते, आणि बसवलेली घंटा वेळेला मुकी का राहते, हे वाचकांपुढे मांडावे असा या लेखाचा हेतू आहे.

आपल्या राज्यात ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ हा कायदा डिसेंबर २००८ पासून अमलात आहे. त्याला आधार भारतीय मानक ब्यूरोच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेचा. या संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतला चौथा भाग केवळ आगीविषयी आहे. १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारतीला ही संहिता उंच इमारत समजते. १५ मीटर म्हणजे साधारण पाच मजले. आपल्याला वाटते तेवढे काही ते ‘उंच’ नव्हे! अशा निवासी इमारतीत काच फोडून दाबायचे बटण आणि त्यावर वाजणारी घंटा हवी. उंची वाढेल तशी उपकरणांची यादीही वाढते. तुमच्या इमारतीत नेमके काय हवे ते अग्निशमन दलाच्या ना-हरकत पत्रात लिहिलेले असते. ते पत्र सोसायटीच्या कपाटात असायला हवे. ते कुठे आहे हे सभासदांना सहसा ठाऊक नसते.

आता यंत्राविषयी थोडे. छतावर पांढऱ्या वाटीसारखे जे असते त्याच्या पोटात एक अंधारी खोली असते. तिच्यात प्रकाशाचा बारीक झोत जातो आणि त्याच्या वाटेपासून बाजूला एक प्रकाश ओळखणारा डोळा बसवलेला असतो. हवा स्वच्छ असली तर त्या डोळ्याला काहीच दिसत नाही. धूर आत शिरला की त्याच्या कणांवर आपटून प्रकाश विखुरतो, डोळ्यावर पडतो आणि घंटा वाजते. कवडशात धूळ दिसते ना, तोच हा प्रकार. स्वयंपाकघरात मात्र ही वाटी कामाची नाही, कारण मिरचीच्या फोडणीलाही ती आग समजेल. तिथे उष्णता ओळखणारे उपकरण लावतात. आवाजाचाही हिशेब आहे. माणसाला झोपेतून उठवायचे असेल तर त्याच्या उशाशी आवाज ७५ डेसिबल तरी भरला पाहिजे, असे मानक सांगते. घंटा जिन्यात आणि झोपायची खोली दोन बंद दारांआड, अशी स्थिती असली तर हा आकडा गाठणे सोपे नाही.

या सगळ्या वाट्या आणि बटणे तारांनी तळमजल्यावरच्या एका पेटीला जोडलेली असतात. तारांतून सतत अगदी थोडी वीज वाहत असते. कुठे तार तुटली तर ती वीज थांबते आणि पेटीला बिघाड कळतो. लाल दिवा म्हणजे आग, पिवळा म्हणजे बिघाड, हिरवा म्हणजे वीजपुरवठा चालू.

ही पेटी मी जवळून पाहिली आहे. आमचे अण्णा उपनगरातल्या एका चौदा मजली सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन आहेत. त्यांचा डबा घेऊन गेले असता पेटीवर पिवळा दिवा पेटलेला दिसला. मी विचारले, “अण्णा, हे काय दाखवतंय?” ते म्हणाले, “ते पिवळं तसंच असतं गं. मी लागलो तेव्हापासून तसंच आहे.” पेटीचा आवाज बंद करायचे बटण कोणते, एवढे त्यांना दाखवलेले होते. इतर काही नाही. वरच्या मजल्यांवर काही वाट्यांना अजून रंगकामाच्या वेळच्या प्लॅस्टिकच्या टोप्या होत्या. यात अण्णांचा दोष काय? रात्री घंटा वाजली तर चौदा मजल्यांचा निर्णय ज्याने घ्यायचा, त्यालाच कोणी काही शिकवलेले नाही.

जबाबदारी कोणाची, याला कायद्याचे उत्तर आहे : मालकाची किंवा भोगवटादाराची. आता एखाद्या कारखान्याला एक मालक असतो. फ्लॅटच्या इमारतीत छप्पन्न मालक! घराच्या आतले माझे, जिन्यातले सोसायटीचे, आणि जमीन नावावर झाली नसेल तर बिल्डरकडे बोट. घंटा असते ती नेमकी जिन्यात. लिफ्ट बंद पडली तर संध्याकाळपर्यंत माणूस येतो, कारण लिफ्ट रोज लागते. घंटा वर्षानुवर्षे लागत नाही, आणि म्हणून दुरुस्तीच्या खर्चाला सभेत कोणी हात वर करीत नाही.

परळच्या क्रिस्टल टॉवरला २२ ऑगस्ट २०१८ रोजी सकाळी आग लागली. चार माणसे दगावली. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत नव्हती, असे अग्निशमन दलाला आढळले. त्या धुरात दहा वर्षांच्या एका मुलीने शेजाऱ्यांना ओले कापड नाकाशी धरायला सांगितले, त्याबद्दल तिला पुढे राष्ट्रीय शौर्य पुरस्कारही मिळाला. मुलीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण खासगी टॉवरमधल्या माणसांना वाचवायला तिसरी-चौथीतली मुलगी पुढे यावी लागते, याचे काय? गोरेगावच्या जय भवानी इमारतीत ६ ऑक्टोबर २०२३ रोजी आग लागली ती पहाटे तीनच्या सुमारास, खाली उभ्या केलेल्या गाड्यांजवळ. त्या वेळी कोण जागे असणार?

काहीजण म्हणतात, घंटा वाजली की चेंगराचेंगरी होईल. इंग्लंडमध्ये याच विचाराने फ्लॅटच्या बहुतेक इमारतींत सामाईक घंटा ठेवीत नसत. प्रत्येक घर म्हणजे बंद पेटी, आग तिथेच कोंडेल, बाकीच्यांनी घरातच थांबावे, अशी ती पद्धत. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये भिंतींच्या बाहेरच्या आवरणानेच पेट घेतला आणि ही पद्धत कोलमडली. ‘घरात थांबा’ हा सल्ला मागे घ्यायला जवळजवळ दोन तास गेले. ७२ माणसे मेली. ती इमारत नगरपालिकेची होती. पण तसेच आवरण असलेल्या अनेक खासगी इमारतींत त्यानंतर रात्रंदिवस गस्त घालणारी माणसे नेमावी लागली. हातात भोंगा घेऊन मजल्यामजल्यांतून फिरायचे, एवढेच त्यांचे काम. त्यांचा पगार फ्लॅटवाल्यांच्या खिशातून जाऊ लागला, तेव्हा ओरड झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये सरकारने सामाईक घंटा बसवण्यासाठी तीन कोटी पौंडांचा निधी जाहीर केला. माणसापेक्षा घंटा स्वस्त, हे तिथे हिशेबाने पटले. आपल्याकडे वॉचमनचा पगारच इतका कमी की हा हिशेब कोणी मांडत नाही.

कायद्याने एक सोपी किल्ली मात्र सभासदाच्या हातात दिली आहे. परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून, ती चालू असल्याचे ‘नमुना ब’चे प्रमाणपत्र सोसायटीने दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन दलाला द्यायचे असते. कोणीही सभासद सचिवांना विचारू शकतो की, या जुलैचा कागद दाखवा. आणि कागद दाखवला तरी खाली उतरून पेटीवरचा दिवा कोणत्या रंगाचा आहे ते पाहून यावे. तिथे जो वॉचमन बसलेला असेल त्याला, लाल दिवा लागला तर आधी १०१ ला फोन करायचा की आधी आवाज बंद करायचा, हेही एकदा विचारावे.