चित्रा नावाची झडप

दोन वर्षांपूर्वी रेशनकार्डाच्या कामासाठी आम्ही आंबेगाव तालुक्यातील एका वस्तीवर गेलो होतो. कार्ड सापडेना, तेव्हा घरातल्या ताईने पत्र्याची पेटीच आमच्यापुढे पालथी केली. जुनी बिले, शाळेचे दाखले, आणि त्यात एक लहानसे कार्ड. त्यावर ताईचे नाव, ऑपरेशनची तारीख, एक नंबर आणि 'चित्रा' हा शब्द.

"ही चित्रा कोण?" आम्ही विचारले.

"दवाखान्यातली नर्स असंल," सासूबाई म्हणाल्या.

ताई हसली. "नाही भाऊ. माझ्या काळजात बसवलीय ती."

ताईचे वय तेव्हा एकोणतीस. लहानपणी, चौथी-पाचवीत असताना, तिचा घसा खूप दुखला होता. तो बरा झाला आणि दोन-तीन आठवड्यांनी गुडघे सुजले, मग घोटे. घरच्यांनी वाऱ्याचे दुखणे समजून तेल चोळले. सूज उतरली, सगळे विसरले. पुढे लग्न झाले, नारायणगावच्या बाजूला टोमॅटो तोडायच्या कामावर ती जाऊ लागली. दुसऱ्या बाळंतपणात मात्र तिला आडवे झाले की दम लागे. रात्र रात्र भिंतीला टेकून बसे. मंचरला डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकले आणि चिठ्ठी देऊन पुण्याला पाठवले.

काय झाले होते ते थोडक्यात सांगतो, कारण हे आपल्या घरोघरचे आहे. घशात एका जातीचे जंतू शिरतात. शरीर त्यांच्याशी लढते, पण काही मुलांच्या शरीरात हा मारा चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर होतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना हा ताप अधिक येतो. सांधे सुधारतात, हृदयाच्या झडपा सुधारत नाहीत. हळूहळू त्या जाड होतात, कडा एकमेकींना चिकटतात. एका खोलीत आठ माणसे झोपतात तिथे हा आजार जास्त पसरतो. म्हणून याला गरिबाचा हृदयरोग म्हटले तर चूक नाही. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ गेला, आपल्याकडून गेला नाही.

जुन्नर-आंबेगावची कितीतरी माणसे मुंबईच्या गिरण्यांत होती. परळचे के. ई. एम. रुग्णालय त्यांना घरच्यासारखे. तिथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९५० नंतरच्या दशकात चिकटलेल्या झडपा मोकळ्या करण्याची ऑपरेशने सुरू केली. चालत्या हृदयात बोट घालून, न बघता, नुसत्या स्पर्शाने झडप उघडायची! १९६८ च्या फेब्रुवारीत याच सेनांनी देशातले पहिले हृदयरोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. पालिकेच्या रुग्णालयात हे काम झाले, याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण जी झडप मोकळी करूनही चालणार नाही, ती बदलावीच लागते. आणि बदलायची झडप येत होती परदेशातून, परदेशी भावाने. किती जण ती किंमत ऐकून घरी परतले असतील, त्याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

ही अडचण डॉ. एम. एस. वलियाथन यांनी अंगावर घेतली. १९३४ साली केरळातील मावेलिकरा येथे त्यांचा जन्म. त्रिवेंद्रमला डॉक्टर झाले, इंग्लंडमध्ये सर्जन झाले, अमेरिकेत हृदयाची शस्त्रक्रिया शिकले. तिथे चार्ल्स हफनागेल यांच्याकडे त्यांनी काम केले. माणसाच्या शरीरात कृत्रिम झडप पहिल्यांदा बसवली ती याच हफनागेलांनी, १९५२ मध्ये. वलियाथन अमेरिकेत राहिले असते तर सुखात राहिले असते. ते परत आले आणि १९७४ साली त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेच्या उभारणीत पडले.

'चित्रा' हे नाव त्रावणकोरचे शेवटचे महाराजा चित्तिरा तिरुनाल यांच्यावरून पडलेले. १९३६ साली संस्थानातील देवळे अस्पृश्यांना खुली करण्याचा जाहीरनामा काढला तो यांनीच. तोवर बाबासाहेबांच्या येवल्याच्या घोषणेला वर्ष उलटून गेले होते, त्यामुळे त्या दारांचे आम्हाला फारसे अप्रूप नाही. या संस्थेचे मात्र आहे.

कारण इथे डॉक्टर आणि इंजिनिअर एका छपराखाली कामाला बसले. आधी आपल्याकडे रक्त काचेच्या बाटल्यांत ठेवत. ऐंशीच्या दशकात या संस्थेने रक्ताची प्लॅस्टिक पिशवी देशात तयार करून दाखवली. झडपेचे काम त्याहून कठीण. रचना ऐकायला सोपी: धातूचे कडे, त्यात कलती होणारी एक गोल चकती आणि हृदयाला टाके घालण्यासाठी भोवती कापडाची किनार. रक्त पुढे गेले की चकती उघडते, मागे येऊ लागले की मिटते. पण आम्ही पडलो हिशेबाचे माणूस, म्हणून हिशेब मांडला. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला एक लाख, वर्षाला साडेतीन कोटींच्या वर. एवढ्या वेळा उघडमीट करून जी झिजणार नाही, मोडणार नाही, आणि जिच्यावर रक्त गोठणार नाही, अशी वस्तू हवी!

पहिला नमुना फसला. धातूचे भाग जोडलेल्या ठिकाणी तो ठिसूळ झाला. दुसऱ्यात चकती नीलमण्याची घेतली, माणसाने बनवलेल्या स्फटिकाची. ती इतकी कठीण की धातूच झिजू लागला. तिसऱ्यासाठी अधिक चिवट धातू आणला, मेंढ्यांवर प्रयोग सुरू झाले आणि एका मेंढीच्या हृदयात चकतीच फुटली. वर्षांमागून वर्षे चालली होती. सरकारी पैशावरचे काम तीनदा फसल्यावर वरून काय काय विचारणा होते, ते कार्यालयात बसणाऱ्याला सांगायला नको.

चौथ्या वेळी त्यांनी दिमाख सोडला. चकती साध्या दिसणाऱ्या पांढऱ्या प्लॅस्टिकची केली. प्लॅस्टिक म्हटले की आपल्याला बादली आठवते, पण हे फार चिवट जातीचे, कृत्रिम खुब्याच्या सांध्यात वापरतात ते. धातूचे कडे जोड न देता एकाच तुकड्यातून कोरून काढले. यंत्रावर कोट्यवधी वेळा उघडमीट करून पाहिली. मग डिसेंबर १९९० मध्ये ही झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. पुढे उत्पादन टी. टी. के. कंपनीकडे गेले. आपल्या भगिनींना 'प्रेस्टिज' कुकर माहीत आहे, त्याच उद्योगसमूहाची ही कंपनी. आजवर एक लाखाहून अधिक झडपा बसल्या आहेत, परदेशी झडपेपेक्षा बऱ्याच कमी भावात. वलियाथन १९९४ पर्यंत संस्थेचे संचालक होते. २००५ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १७ जुलै २०२४ रोजी ते मणिपाल येथे वारले. मराठी वृत्तपत्रांत ही बातमी आम्हाला एका कोपऱ्यात दिसली.

ताईचे ऑपरेशन सरकारी योजनेतून झाले, पैसा लागला नाही. सहा महिन्यांत ती विहिरीवरून पाणी आणू लागली. आणि इथेच घात होता होता राहिला.

धातूच्या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ होण्याची गोळी रोज, जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर गाठ, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासून गोळीचे माप ठरवतात. आता वस्तीवरून मंचरला जायचे म्हणजे एस. टी.चे भाडे आणि एक दिवसाची मजुरी बुडाली. झडप स्वस्त झाली, हा दिवस स्वस्त झाला नाही. एकदा तारीख हुकली, दुसऱ्यांदाही हुकली. घरात कुणी म्हणाले, "बरी झालीस ना, मग गोळ्या कशाला?" ताईने गोळी सोडली.

रात्रीच्या शांततेत तिच्या छातीतली बारीक टिकटिक नवऱ्याला ऐकू यायची. एके रात्री ती आली नाही. सकाळी दम लागला. नवरा शहाणा, त्याने वाट पाहिली नाही. मिळेल त्या गाडीने पुणे गाठले. झडपेवर गाठ धरली होती. औषधाने ती विरघळली, ताई वाचली.

तेव्हापासून आम्ही वस्तीवर गेलो की दोन गोष्टी विचारतो. पोराचा घसा दुखून सांधे सुजलेत का? सुजले असतील तर आधी सरकारी दवाखाना, तेल नंतर. हा ताप एकदा येऊन गेलेल्या मुलाला पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, कित्येक वर्षे घ्यावे लागते. ते चुकले नाही तर झडप बदलण्याची वेळ बहुधा येत नाही. आणि ज्यांना झडप बसली आहे, त्यांची तपासणीची तारीख कोणती? दात काढायचा असो, अंगदुखीची गोळी घ्यायची असो की दिवस गेल्याची शंका असो, कार्ड आधी डॉक्टरांपुढे ठेवा. मेथी-पालक खा, पण एक दिवस ढीगभर आणि पुढे महिनाभर काहीच नाही, असे करू नका. त्याने गोळीचे माप चुकते.

ताईचे कार्ड आता पेटीत नसते. दाराजवळच्या खिळ्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगलेले असते, शेजारी कॅलेंडर. त्यावर येत्या सोमवारला पेन्सिलने गोल केला आहे. त्या दिवशी आम्हालाही मंचरला काम आहे, तेव्हा पहाटेच्या गाडीने बरोबरच जाऊ, असे ठरले आहे.