अनुमान कशास म्हणावें?

‘अनुमान’ हा शब्द आपल्या घरांतून इतका रुळला आहे कीं, तो उच्चारतांना आपण मनाची एक मोठी क्रिया करीत आहों, याची जाणीवही राहत नाहीं. दारांतल्या चपला पाहून पाहुणे आल्याचें कळतें, दूध उतूं गेल्याचें वासावरून समजतें, वडिलांच्या खाकरण्यावरून मुलें त्यांची वृत्ति ओळखतात. इंद्रियांना मिळालेलें असतें तें इतकेंच: चपला, वास आणि खाकरणें. बाकीचें सर्व मनानें जोडलेलें. ही जोडणी बहुधा बिनचूक होते, आणि म्हणूनच ती चुकते तेव्हां आपणांस संशयही येत नाहीं. ती कोठें चुकते आणि चुकल्यास तें कोणास भोगावें लागतें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

आपल्या नैयायिकांनीं या क्रियेचीं अंगें फार पूर्वींच वेगळीं करून दाखविलीं. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तेथें अग्नि आहे असें आपण म्हणतों. येथें डोंगर हा पक्ष, अग्नि हें साध्य आणि धूर हा हेतु. परंतु धुरापासून अग्नीपर्यंत पोंचण्यास मध्यें एक नियम लागतो: जेथें जेथें धूर, तेथें तेथें अग्नि. यालाच व्याप्ति म्हणतात. स्वयंपाकघरांत चुलीपाशीं आपण दोन्ही शेंकडों वेळां एकत्र पाहिलेलीं असतात, हा अन्वय. आणि जेथें अग्नि नाहीं अशा तळ्यांत धूरही कधीं आढळलेला नसतो, हा व्यतिरेक. न्यायशास्त्राचा विद्यार्थी एवढें कंटाळत कंटाळत घोकतो. आम्हीही घोकलें.

खरी गंमत पुढें आहे. हाच नियम उलटा केला, अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असें म्हटलें, तर? चुलींत तर दोन्ही नेहमींच सोबत दिसतात. यावर नैयायिक तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढें ठेवतो. तेथें अग्नि आहे, धूर नाहीं. म्हणजे धूर निव्वळ अग्नीनें होत नाहीं. त्यास ओल्या लांकडाचा संयोग लागतो. न सांगतां मध्येंच येऊन बसलेल्या या ओल्या लांकडास ‘उपाधि’ अशी संज्ञा आहे. दोन गोष्टी एकत्र पाहून आपण त्यांची गांठ मारतों, आणि खरें कारण तिसरेंच कांहीं असतें. आमच्या मतें अनुमानाचे बहुतेक घोंटाळे येथें होतात, आणि चांगल्या बुद्धिमान् माणसांकडूनही होतात.

याचें एक उदाहरण युरोपांतील वैद्यकाच्या इतिहासांत आहे. व्हिएन्ना शहराच्या मोठ्या रुग्णालयांत बाळंतिणींचे दोन विभाग होते. 1846 सालीं पहिल्या विभागांत शेंकडा 11 हून अधिक बाळंतिणी सूतिकाज्वरानें दगावल्या. दुसऱ्यांत शेंकडा 3 हूनही कमी. रुग्णालय एक, शहर एक, मग हा भेद कां? लोकांचीं अनुमानें तयारच होतीं. कोणी म्हणे हवा दूषित आहे, कोणी म्हणे गर्दी फार. कोणी म्हणे मरणोन्मुख रुग्णाकडे जाणारा पाद्री घंटेसह पहिल्या विभागांतून जातो, त्या घंटेच्या धसक्यानेंच बायका आजारी पडतात. त्या विभागांतील इग्नात्स सेमेलवाइस या तरुण हंगेरियन डॉक्टरानें एकेक अनुमान कसोटीस लावलें. हवा दोहोंस सारखीच होती. गर्दी तर दुसऱ्याच विभागांत अधिक होती. पाद्र्यास विनवून त्यानें आडवाटेनें, घंटेवांचून यावयास लावलें; मृत्यु घटले नाहींत. प्रसूतीच्या वेळीं स्त्रीस कुशीवर निजविण्याची दुसऱ्या विभागाची रीत उचलली. तरीही घटले नाहींत.

1847 च्या मार्चमध्यें त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का वारले. शवविच्छेदनाच्या वेळीं एका विद्यार्थ्याच्या सुरीनें त्यांस जखम झाली होती. त्यांच्या प्रेतांत जीं लक्षणें आढळलीं, तीं त्या बाळंतिणींच्या प्रेतांतल्यासारखींच होतीं. तेव्हां सेमेलवाइसच्या ध्यानांत आलें कीं, पहिल्या विभागांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकतात आणि ते प्रेतें चिरून तसेच बाळंतिणी तपासावयास येतात. दुसऱ्यांत सुइणी शिकतात, त्यांचा प्रेतांशीं संबंध नसतो. त्या मे महिन्यांत त्यानें सर्वांस क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुवावयास लावलें. एप्रिलमध्यें शेंकडा 18 असलेलें मृत्यूचें प्रमाण जूनमध्यें 2 च्या आसपास आलें. आपल्या परिभाषेंत सांगावयाचें तर, अन्वय सर्वांसच दिसत होता. या माणसानें व्यतिरेक घडवून आणला. पुढें एका कर्करोगी बाईस तपासून, मध्यें हात न धुतां, डॉक्टरांनीं बारा बाळंतिणी तपासल्या व त्यांतल्या अकरा दगावल्या. तेव्हां प्रेताच्याच अंशानें रोग होतो ही आपली व्याप्ति अपुरी आहे, हेंही त्यानें ओळखलें आणि ती रुंद केली. इतकें करून त्याच्या व्यवसायबंधूंपैकीं पुष्कळांनीं त्याचें ऐकलें नाहीं. 1865 सालीं तो वेड्यांच्या रुग्णालयांत वारला.

येथें कोणी वाचक म्हणतील कीं, आमच्या सोवळ्यांत हें होतेंच. तेंही अनुमान पारखून घ्यावें. सोवळ्यानें बाळंतिणीस अंधाऱ्या खोलींत एकीकडे बसविलें. सुईणीच्या हातांची चौकशी केली नाहीं.

आतां घराकडे येऊं. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याच्या जिवास बाधते, असा समज आहे, आणि चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतूनही अशा मुलीची पत्रिका परत येते. लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत सासरा गेला, तर त्या पोरीनें सगळा जन्म कोणाच्या नजरेखालीं काढावयाचा, हें आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको. नैयायिक दुसऱ्यास पटवितांना प्रतिज्ञा व हेतु यांच्यामागून उदाहरण मागतो. येथें उदाहरण मागितलें कीं, नात्यांतलीं एक-दोन घरें पुढें केलीं जातात. व्यतिरेक कोणी मागत नाहीं. नक्षत्रें 27 आहेत आणि चंद्र प्रत्येकांत साधारण एकेक दिवस असतो. तेव्हां सुमारें 27 मुलींमागें एक मूळावरची असावयाचीच. बाकीच्या 26 जणींचे सासरे काय अमर आहेत? मुलाचें लग्न होतें तेव्हां बापानें बहुधा पन्नाशी ओलांडलेली असते, कधीं साठीही. त्याचें वय, त्याचा दमा, त्याचा मधुमेह हीं ओलीं लांकडें कोणी उचलून पाहत नाहीं. मूळावरच्या सुनेनें ज्या सासऱ्याच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या पंक्ती वाढल्या, तो तर कोणाच्या उदाहरणांतच येत नाहीं.

यावर वडीलधाऱ्या माणसांचें ठरलेलें उत्तर असतें कीं, हा पिढ्यानुपिढ्यांचा अनुभव आहे. पण तो अनुभव कोणत्या कागदांवरून जमविला? या समजाचा जाच असा कीं, मुलीची जन्मवेळ पुढें सरकवून मूळाची पूर्वाषाढा केलेली पत्रिका वरपक्षापुढें ठेवणारे बाप कांहीं थोडे झाले नाहींत. अशा घरीं सासरा लवकर गेला, तर पूर्वाषाढेच्या सुनेस कोणी बोल लावीत नाहीं. आणि तो नव्वदीपर्यंत खणखणीत जगला, तरी सून मूळावरची होती हें तिच्या आईबापांवांचून कोणास ठाऊक नसतें.