मिनी पोकलेन आणि वडिलोपार्जित घरठाण

कोकणात वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या घराकडे मुंबईहून कोणी परत आलं की पहिला सल्ला मिळतो, "जेसीबी लावा, एका दिवसात साफ!" सल्ल्यातली निम्मी अडचण इथेच आहे. जेसीबी म्हणतात तो मागेपुढे बकेट असलेला, साधारण आठ टनांचा, सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद टायरवाला गडी. पाखाडीतून तो आत जातच नाही. न्यायचाच तर आधी गडगा पाडावा लागतो. चेनवरचा मिनी पोकलेन वेगळा. दीड टनाचा जेमतेम मीटरभर रुंद असतो, तीन टनांचा दीड मीटर. जागच्या जागी पूर्ण गोल फिरतो, त्यामुळे माड-पोफळीच्या मधोमध काम करता येतं.

मात्र यंत्र लहान, म्हणून नुकसानही लहान, हे खरं नाही. चेनमुळे वजन पसरतं, पण ओल्या जमिनीवर त्याच त्या जागी फेऱ्या झाल्या की माती दबते आणि पाणी मुरेनासं होतं. ताकदीबद्दलही गैरसमज आहे. तीन टनांचं यंत्र जवळून खणताना बुंधा उपटेल, पण हात पूर्ण लांबवून उचलायला सांगितलं तर त्याची झेप काहीशे किलोंचीच. उतारावर ओंडका असा उचलताना यंत्र कलंडतं.

सगळ्यात महागात पडतो तो रानाबद्दलचा समज. मुळासकट उपटलं की रान परत येत नाही, असं मालकाला वाटतं. घाणेरी आणि रानमोडी ही मूळची अमेरिका खंडातली झुडपं, आणि त्यांना उकरलेली, ऊन लागलेली माती हवीच असते. घाणेरीची फळं पक्षी खातात आणि बी लांबवर टाकतात. रानमोडीचं बी वाऱ्यावर येतं. एप्रिल-मे महिन्यांत सगळी जमीन उघडी केली तर जूनच्या सरी आधी वरची सुपीक माती वाहून नेतात आणि मागे राहिलेल्या मातीत हेच रान दुप्पट जोमाने उठतं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत, मातीत थोडी ओल असताना, फक्त बुंध्यापुरतं उकरावं. बाकीचं कोयत्याने कापून तिथेच पसरून ठेवावं. पुढची दोन-तीन वर्षं कोवळी रोपं हाताने उपटावी लागतातच. हे काम यंत्र करत नाही, आणि ते सोडलं तर यंत्रावरचा खर्च वाया जातो.

जुन्या आंब्याफणसाला बकेट लागलं नाही म्हणजे झाड वाचलं, असंही नाही. अन्न शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दोन-अडीच फुटांतच असतात आणि झाडाच्या सावलीपलीकडे पसरलेली असतात. तिथे खणलं किंवा खोडाशी मातीचा ढीग लावला तर झाड हळूहळू वाळतं. शिवाय जागा स्वतःची असली तरी आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं १९६४च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड नियमन कायद्यातली आहेत. ती तोडायला परवानगी लागते.

यंत्र येण्याआधी वेलींखालची विहीर हाताने शोधून काढा, काठाला काठ्या रोवून खूण करा. जुन्या, न बांधलेल्या विहिरीपासून निदान तिच्या खोलीइतकं अंतर ठेवावं, हे माझं ठाम मत आहे. शोषखड्डा, जुनी पाइपलाइन, वीजजोडणी यांच्या जागांवरही अशीच खूण करा. ऑपरेटरला हे कळायला मार्ग नाही; तो तासावर काम करतो, आणि तुम्ही दाखवाल तेवढंच त्याला दिसतं. पडक्या भिंतीचे चिरे आणि साबूत कौलं त्याने ढिगात ढकलण्याआधी गड्यांकडून बाजूला काढून घ्या. चांगला जांभा चिरा पुन्हा बांधकामाला चालतो.

आता राहिलं जोत्याखालचं धन. "आपल्या जागेत सापडलं ते आपलं" हा समज गावोगाव आहे. १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला तर कलेक्टरला लेखी कळवणं बंधनकारक असतं. मातीचंही तसंच: खणताना निघालेला मुरूम ट्रकने बाहेर विकायचा असेल तर तहसील कार्यालयाची परवानगी आणि रॉयल्टीही लागते.